एल साल्वाडोर आणि बिटकॉइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या छोट्या देशाने २०२१ मध्ये बिटकॉइनला, म्हणजे कोणत्याही सरकारने किंवा बँकेने न काढलेल्या, केवळ संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या आभासी चलनाला, कायदेशीर चलनाचा दर्जा दिला आणि २०२५ मध्ये त्या दर्जातील बहुतेक सारा अर्थ स्वतःच काढून घेतला. या प्रयोगाला कोणी फसलेला म्हणते, तर कोणी द्रष्टा. पुष्कळदा दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक बाजू बिटकॉइन चलन म्हणून किती वापरले गेले हे पाहते, तर दुसरी सरकारने घेतलेल्या बिटकॉइनचा भाव किती वाढला हे पाहते. पुढील उत्तरांमध्ये हे दोन हिशेब शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

कायदेशीर चलन म्हणजे नेमके काय?

ऋणकोने देणे फेडण्यासाठी पुढे केले असता धनकोला नाकारता येत नाही, ते कायदेशीर चलन. सरकारी मराठीत त्याला विधिग्राह्य चलन असेही म्हणतात. भारतात नोटांना हा दर्जा रिझर्व्ह बँकेच्या कायद्याने मिळतो आणि नाण्यांना २०११ च्या नाणे अधिनियमाने. त्यातही मर्यादा आहेत: एक रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी चालतात, तर ५० पैशांची नाणी केवळ १० रुपयांपर्यंत. दहा रुपयांचे नाणे पूर्णपणे वैध असूनही कित्येक गावांत दुकानदार ते घेत नाहीत आणि रिझर्व्ह बँकेला पुन्हा पुन्हा खुलासा करावा लागतो, हा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी आहे. कायद्याने दिलेला दर्जा आणि बाजाराने केलेला स्वीकार यांत अंतर पडू शकते, हे समजण्यासाठी त्यामुळे एल साल्वाडोरपर्यंत जाण्याची गरज नाही.

एल साल्वाडोरने काय केले, आणि केव्हा?

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी ५ जून २०२१ रोजी ही घोषणा केली. ती त्यांनी विधानसभेत, म्हणजे देशाच्या संसदेत, केली नाही, तर मायामीत भरलेल्या बिटकॉइन परिषदेत दाखवलेल्या चित्रफितीतून केली, आणि तीही इंग्रजीत. चार दिवसांच्या आत, मध्यरात्रीच्या सुमारास, विधानसभेने ८४ पैकी ६२ मतांनी कायदा संमत केला. अवघ्या १६ कलमांचा हा कायदा ७ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला.

त्यातील सातवे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. वस्तू किंवा सेवा विकणाऱ्या प्रत्येकाने, ग्राहकाने बिटकॉइन देऊ केल्यास, ते स्वीकारलेच पाहिजे असे त्यात म्हटले होते. कायदेशीर चलनाचा नेहमीचा अर्थ देणे फेडण्यापुरता असतो. येथे मात्र रोजच्या खरेदी-विक्रीवरही सक्ती आली. ज्यांच्याकडे तंत्रज्ञान नाही त्यांना बाराव्या कलमाने सूट दिली होती, पण ती सूट कोणाला आणि कशी लागू होणार हे संदिग्धच राहिले. कर बिटकॉइनमध्ये भरता येणार होते आणि बिटकॉइनच्या भाववाढीवर भांडवली नफ्याचा कर लागणार नव्हता. विरोध झाला, पण चर्चेला वेळच नव्हता. महिनाभरापूर्वी, १ मे रोजी, याच विधानसभेने सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठातील न्यायाधीशांना पदावरून दूर केले होते, त्यामुळे कायद्याची स्वतंत्र छाननी होण्याची शक्यताही उरली नव्हती.

देशाला स्वतःचे चलन नव्हते का?

होते. कोलोन हे त्याचे नाव. १ जानेवारी २००१ पासून एल साल्वाडोरने एका डॉलरला ८.७५ कोलोन असा दर कायमचा गोठवून अमेरिकी डॉलर स्वीकारला आणि काही काळातच कोलोन व्यवहारातून नाहीसा झाला. डॉलरमुळे महागाई आटोक्यात राहिली, परंतु नोटा छापण्याचा आणि व्याजदर ठरवण्याचा अधिकार हातातून गेला.

ही पार्श्वभूमी विसरल्यास पुढचे काही नीट कळत नाही. चलन रोज घसरत असेल, तर लोक पर्याय शोधतात. व्हेनेझुएलात किंवा अर्जेंटिनात डॉलरसाठी धडपड चालते ती त्यामुळेच. एल साल्वाडोरच्या गृहिणीच्या हातात आधीपासूनच डॉलर होता. ज्या रोगावर बिटकॉइन हे औषध म्हणून सांगितले जाते, तो रोगच तिथे नव्हता.

मग सरकारने कोणती कारणे दिली?

मुख्यतः दोन. सुमारे ७० टक्के लोकांचे बँकेत खाते नाही, त्यांना मोबाइलवरून आर्थिक व्यवहारांत आणता येईल, हे पहिले. परदेशातून येणाऱ्या पैशांवरची दलाली वाचेल, हे दुसरे. दोन्ही प्रश्न खरे होते. देशी व परदेशी गुंतवणूक वाढेल, असेही सांगितले गेले.

कल्पनेचे मूळ मात्र एल सोंते या किनाऱ्यावरील गावात आहे. लाटांवर सर्फिंग करणाऱ्या पर्यटकांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात २०१९ मध्ये एका अनामिक देणगीदाराने दिलेल्या बिटकॉइनमधून एक प्रकल्प सुरू झाला. गावातील मुलांना कामाचा मोबदला बिटकॉइनमध्ये मिळू लागला आणि किराणा दुकानदारही ते घेऊ लागले. तेथे ते बऱ्यापैकी चालले. पण तेथे आतल्या आत फिरणारा पैसा होता, शिकवणारी माणसे शेजारी होती, परदेशी पर्यटक होते, आणि मुख्य म्हणजे कोणावरही सक्ती नव्हती. एका गावात स्वेच्छेने आणि देणगीच्या बळावर चाललेली गोष्ट तीन महिन्यांत ६० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या देशाला लावली गेली.

‘चिवो’ म्हणजे काय? ते यूपीआयसारखे होते का?

‘चिवो’ हा तेथील बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ ‘झकास’ असा होतो. सरकारने काढलेल्या मोबाइल वॉलेटला हे नाव दिले गेले. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक प्रौढ नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन भेट मिळत होते. शिवाय देशभरात सुमारे २०० चिवो यंत्रे उभारली गेली, जेथे बिटकॉइन विकून रोख डॉलर काढता येत. अमेरिकेतील स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्येही अशी काही यंत्रे बसवली गेली. बिटकॉइनचे तत्काळ डॉलरमध्ये रूपांतर करून देता यावे, म्हणून बांदेसाल या सरकारी विकास बँकेत १५ कोटी डॉलरचा निधी ठेवण्यात आला.

यूपीआयशी तुलना मोबाइलपुरतीच खरी आहे. यूपीआयवर फिरतो तो रुपयाच. खाते बँकेत असते आणि सकाळचे शंभर रुपये संध्याकाळी शंभरच राहतात. चिवोमध्ये डॉलर आणि बिटकॉइन असे दोन कप्पे होते आणि दुसऱ्या कप्प्यातील रक्कम जेवण होईपर्यंतही बदलू शकत असे. आणखी एक विसंगती येथे नोंदवण्यासारखी आहे. बिटकॉइनचा सारा डोलारा मध्यस्थ नको या तत्त्वावर उभा आहे, पण चिवोमधील बिटकॉइनच्या किल्ल्या, म्हणजे ते खर्च करण्यासाठी लागणारे गुप्त संकेत, सरकारच्या कंपनीकडे होत्या. वापरकर्त्याला दिसत होती ती सरकारी वहीतील नोंद. शिवाय ही कंपनी सार्वजनिक पैशांवर उभी असूनही खासगी कायद्याखाली नोंदलेली होती, त्यामुळे तिचे हिशेब मागणाऱ्या पत्रकारांच्या हाती फारसे काही लागले नाही.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला असे म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे. ७ सप्टेंबरच्या सकाळी सर्व्हरची क्षमता वाढवण्यासाठी चिवो बंद ठेवावे लागले आणि त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव सुमारे ५२,००० डॉलरवरून काही तासांत ४३,००० च्या जवळ कोसळला. राष्ट्राध्यक्षांनी ट्विटरवरून ‘भाव पडला, आणखी घेतले’ अशा थाटात सरकारच्या साठ्यात १५० नाणी, म्हणजे १५० बिटकॉइन, वाढवल्याचे कळवले. पुढील काही आठवड्यांत अनेकांना आपल्या ओळखपत्राच्या क्रमांकावर भलत्यानेच नोंदणी करून ३० डॉलर उचलल्याचे आढळले. १५ सप्टेंबर रोजी, मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, राजधानी सान साल्वाडोरमध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढला आणि एक चिवो यंत्र जाळले गेले. त्या मोर्चात केवळ बिटकॉइनचा राग नव्हता. न्यायाधीशांची हकालपट्टी आणि राष्ट्राध्यक्षांच्या सलग दुसऱ्या कार्यकाळाची मोकळी झालेली वाट हेही मुद्दे होते.

लोकांनी बिटकॉइन वापरले का?

प्रारंभी नोंदणी पुष्कळ झाली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ४० लाख वापरकर्त्यांचा दावा केला. पण नोंदणी म्हणजे वापर नव्हे. फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड अर्जेंते आणि डायना व्हान पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये १,८०० कुटुंबांची प्रत्यक्ष मुलाखतींतून पाहणी केली. चिवो उतरवून घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी भेटीचे ३० डॉलर खर्च केल्यावर एकही व्यवहार केला नव्हता, असे त्यांना आढळले. एकूण डाउनलोडपैकी सुमारे ४० टक्के पहिल्याच महिन्यातील होते आणि २०२२ मध्ये नवीन डाउनलोड जवळजवळ थांबले होते. उरलेले जे वापरत होते ते प्रामुख्याने तरुण, शिकलेले, बँक खाते असलेले पुरुष होते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, ते त्यात फारसे नव्हते. कारणे विचारली असता लोकांनी रोख पैसा बरा वाटतो आणि या व्यवस्थेवर भरवसा नाही, असे सांगितले.

पुढील वर्षांत चित्र बदलले नाही. सान साल्वाडोरमधील होसे सिमेओन कान्यास मध्य अमेरिकी विद्यापीठाच्या जनमत संस्थेच्या पाहणीत ८८ टक्के लोकांनी २०२३ मध्ये एकदाही बिटकॉइन वापरले नसल्याचे सांगितले. २०२४ साठी हेच प्रमाण ९२ टक्के झाले.

तेव्हा ३० डॉलर ही भेट वाया गेली का? ज्याच्या घरी दोन दिवसांचा किराणा आला त्याच्या दृष्टीने नाही. पण ४० लाखांचा आकडा खरा धरला, तर एवढ्या भेटींचा खर्च १२ कोटी डॉलर होतो, आणि तेवढ्यात बँक खाती, साक्षरता किंवा गावोगावी इंटरनेट असे दुसरे काय होऊ शकले असते हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

परदेशातून पैसे पाठवणे स्वस्त झाले का?

या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे, कारण संपूर्ण योजनेतील सर्वांत सबळ युक्तिवाद हाच होता. वीस लाखांहून अधिक साल्वाडोरन वंशाचे लोक अमेरिकेत राहतात. ते घरी पाठवतात ती रक्कम २०२३ मध्ये ८ अब्ज डॉलरहून अधिक होती, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास एक चतुर्थांश. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातील घरे कशी चालत, हे ज्यांनी पाहिले किंवा घरातून ऐकले आहे, त्यांना या आकड्यामागचे जगणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बुकेले यांनी दलालीपोटी जाणारे वर्षाला ४० कोटी डॉलर वाचतील असे म्हटले होते.

प्रत्यक्षात क्रिप्टो वॉलेटमधून आलेल्या रकमेचा वाटा एकूण पैशांच्या दोन टक्क्यांच्या वर कधी टिकला नाही आणि नंतर एक टक्क्याच्या आसपास उतरला. याची कारणे तांत्रिक कमी आणि व्यावहारिक जास्त आहेत. अमेरिका ते एल साल्वाडोर हा पैसे पाठवण्याच्या दृष्टीने जगातील स्वस्त मार्गांपैकी एक आधीच होता. तेथील दलाली सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास असे. बिटकॉइनने पाठवायचे, तर लॉस एंजलिसमधील मुलाने प्रथम डॉलर देऊन बिटकॉइन घ्यायचे, ते पाठवायचे आणि गावातील आईने ते पुन्हा डॉलरमध्ये बदलून यंत्रातून रोख काढायचे. यंत्र तालुक्याच्या ठिकाणी असेल तर बसभाडे वेगळे. जाळ्यावरचे शुल्क जरी नगण्य असले, तरी दोन्ही टोकांना डॉलरच लागत असेल, तर मधल्या प्रवासातील बचत तेथेच खर्ची पडते.

दुकानदारांचे काय झाले?

मॅकडोनाल्ड, स्टारबक्स यांसारख्या मोठ्या साखळ्यांनी पहिल्या दिवसापासून बिटकॉइन घेतले. पर्यटकांनी त्याची छायाचित्रेही भरपूर काढली. लहान विक्रेत्यांनी बहुधा दुर्लक्ष केले. देशाच्या वाणिज्य मंडळाने २०२२ च्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत ८६ टक्के व्यावसायिकांनी बिटकॉइनमध्ये एकही विक्री झाली नसल्याचे सांगितले. सातव्या कलमाच्या सक्तीची अंमलबजावणी सरकारने फारशी मनावर घेतली नाही. पुपूसा, म्हणजे भरलेली मक्याची भाकरी, विकणाऱ्या बाईवर खटला भरण्याची कोणाचीही इच्छा नव्हती.

सरकारला नफा झाला की तोटा?

दोन्ही झाले, आणि कोणत्या तारखेला विचारता यावर उत्तर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनने सुमारे ६९,००० डॉलरचा उच्चांक गाठला. तत्पूर्वी ऑक्टोबरमध्येच सरकारने कागदावरील नफ्यातून राजधानीत पाळीव प्राण्यांचे रुग्णालय बांधण्याची घोषणा केली होती आणि ते बांधलेही. वर्षभराने भाव १६,००० च्या आसपास आला. तोवर घेतलेल्या २,३८१ नाण्यांवर खर्च झालेल्या सुमारे १० कोटी डॉलरचे मूल्य ४ कोटींच्या आत आले. याच सुमारास, १७ नोव्हेंबर २०२२ रोजी, बुकेले यांनी रोज एक नाणे घेण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये भाव एक लाख डॉलरच्या पलीकडे गेला, सरकारकडील साठा ६,००० नाण्यांच्या घरात होता आणि त्याची किंमत ६० कोटी डॉलर भरत होती. तोटा हसण्यावारी नेणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना टीकाकारांची खिल्ली उडवण्याची संधी मिळाली, आणि ती त्यांनी सोडली नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली हिशेबाची आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारने साठा एका शीतपेटीत, म्हणजे इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये हलवून त्याचा पत्ता जाहीर केला, तेव्हा त्यात जवळपास ५,७०० नाणी निघाली. रोज एक या दराने सोळा महिन्यांत पाचशेच्या आतच भर पडायला हवी होती. उरलेली नाणी नागरिकत्वाची विक्री, सरकारी सेवांचे शुल्क, खाणकाम (म्हणजे संगणकांवर गणिते सोडवून नवी नाणी मिळवणे) आणि व्यापाऱ्यांना डॉलर बदलून देणे यांतून आल्याचे सांगण्यात आले, पण तपशीलवार लेखे कधी मांडले गेले नाहीत. दुसरी गोष्ट प्रमाणाची. देशाचे सार्वजनिक कर्ज ३० अब्ज डॉलरच्या घरात आहे. ६० कोटींच्या साठ्याने, तोही न विकलेल्या, त्या कर्जाचा दोन टक्के भागही पुरता झाकला जात नाही. शिवाय हा नफा मिळवण्यासाठी बिटकॉइनला कायदेशीर चलन करण्याची आवश्यकताच नव्हती. कोणतेही सरकार खुल्या बाजारात ते विकत घेऊन ठेवू शकते.

ज्वालामुखी रोखे आणि बिटकॉइन नगरीचे पुढे काय झाले?

काही झाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिसाता किनाऱ्यावरील आतषबाजीत बुकेले यांनी एक अब्ज डॉलरचे, दहा वर्षे मुदतीचे, ६.५ टक्के व्याजाचे रोखे जाहीर केले. निम्म्या रकमेचे बिटकॉइन घ्यायचे आणि निम्म्यातून कोन्चाग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी भूऔष्णिक विजेवर चालणारे वर्तुळाकार शहर उभारायचे, असा तो बेत होता. रोखे मार्च २०२२ मध्ये निघणार होते. ते पुढे ढकलले गेले आणि बाजारात कधीच आले नाहीत. शहराच्या बाबतीत बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात झाला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हरकत का घेतली?

आर्थिक स्थैर्य, ग्राहकांचे संरक्षण आणि सरकारच्या तिजोरीवर येणारा अनिश्चित बोजा ही त्यांची कारणे होती. जागतिक बँकेने तर जून २०२१ मध्येच पर्यावरण आणि पारदर्शकतेचे कारण देऊन अंमलबजावणीत मदत नाकारली होती. जानेवारी २०२२ मध्ये नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाने कायदेशीर चलनाचा दर्जा काढून टाकण्याचे आवाहन केले. कर्जफेडीची क्षमता जोखणाऱ्या मूडीज आणि फिच या संस्थांनी देशाचे मानांकन खाली आणले आणि कर्जरोख्यांचे भाव इतके कोसळले, की देश कर्ज बुडवणार अशी चर्चा सुरू झाली. ती मात्र खोटी ठरली: जानेवारी २०२३ मध्ये मुदत संपलेले ८० कोटी डॉलरचे रोखे सरकारने वेळेवर फेडले.

तरीही पैशांची चणचण होतीच. डिसेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरच्या कर्जावर नाणेनिधीशी प्राथमिक करार झाला आणि त्याच्या अटींमध्ये बिटकॉइनचा समावेश होता.

आता बिटकॉइन तेथे कायदेशीर चलन आहे का?

नावापुरतेही म्हणणे कठीण आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली. बिटकॉइनसाठी वापरलेला ‘चलन’ हा शब्द वगळला गेला, स्वीकार ऐच्छिक झाला, कर केवळ डॉलरमध्ये भरायचे ठरले आणि चिवोमधून सरकारने अंग काढून घ्यायचे ठरले. मूळ कायदा रद्द केला नसल्यामुळे समर्थक अजूनही दर्जा कायम असल्याचे सांगतात. पण नाकारता येते आणि कर भरायला चालत नाही, अशा गोष्टीला कायदेशीर चलन कोणत्या अर्थाने म्हणायचे? सरकारचे बिटकॉइन कार्यालय त्यानंतरही रोजच्या खरेदीच्या नोंदी जाहीर करत राहिले. नाणेनिधीने मात्र २०२५ च्या आढाव्यात, साठ्यातील वाढ ही सरकारच्याच निरनिराळ्या वॉलेटमधील नाणी एकत्र केल्यामुळे दिसते, असे नमूद केले. दोन्ही विधाने एकाच वेळी पूर्ण खरी कशी असू शकतात, हे बुकेले यांनी अजून स्पष्ट केलेले नाही.

पर्यटन वाढले, त्याचे श्रेय बिटकॉइनला द्यावे का?

थोडेसे द्यावे. जगभरच्या बिटकॉइनप्रेमींनी तेथे वाऱ्या केल्या, परिषदा भरल्या, आणि आभासी चलनांच्या क्षेत्रातील टेदर या मोठ्या कंपनीने २०२५ च्या प्रारंभी आपले मुख्यालय तेथे हलवण्याचे जाहीर केले. परंतु मार्च २०२२ पासून लागू असलेल्या आणीबाणीत टोळीयुद्धांचा बंदोबस्त झाला, रस्त्यांवर फिरणे सुरक्षित झाले, हे पर्यटनवाढीचे याहून मोठे कारण आहे. त्याची किंमतही मोठी आहे: ८० हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यांत निरपराधही असल्याचे मानवाधिकार संघटना सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुकेले प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले ते या सुरक्षिततेमुळे. बिटकॉइन हे त्यांच्या धोरणांतील सर्वांत अप्रिय धोरणांपैकी एक होते.

आणखी कोणत्या देशाने असे केले?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने एप्रिल २०२२ मध्ये. तेथे इंटरनेट फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचले आहे आणि चलन सहा देशांचे सामायिक आहे, त्यामुळे प्रादेशिक मध्यवर्ती बँक तत्काळ आडवी आली. ‘सांगो’ नावाचे नाणे घेणाऱ्यांना नागरिकत्व व जमीन देण्याची योजना त्या देशाच्या घटना न्यायालयाने अवैध ठरवली. वर्षभरातच, मार्च २०२३ मध्ये, कायदेशीर चलनाचा दर्जा मागे घेतला गेला.

भारतात बिटकॉइन कायदेशीर चलन आहे का?

नाही. बँकांनी अशा चलनांच्या व्यवहारांना सेवा देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले, आणि बिटकॉइन बाळगणे किंवा विकणे गुन्हा नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का उद्गम करकपात लागू आहे. कर लावला म्हणजे चलन म्हणून मान्यता मिळाली, असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आलेला डिजिटल रुपया ही वेगळीच गोष्ट असून तो रिझर्व्ह बँकेचाच रुपया आहे.

आज एल साल्वाडोरला गेल्यास बिटकॉइनने पैसे देता येतील का?

एल सोंतेमध्ये, बर्लिन नावाच्या डोंगरातील छोट्या गावात आणि राजधानीतील काही उपाहारगृहांत नक्कीच देता येतील, आणि जेथे दुकानदार स्वखुशीने घेतो तेथे अनुभवही चांगला येतो. बस, बाजार आणि रस्त्यावरच्या पुपूसांसाठी मात्र खिशात डॉलरच्या नोटा ठेवाव्यात, आणि शक्यतो एक व पाच डॉलरच्या, कारण वीसच्या नोटेला सुटे मिळणे अवघड जाते.